खात्रीची बाई

पृथ्वीराजनं हातातला पेपर व्हरांड्यातल्या टेबलावर आपटला तेव्हा सर्जेरावांच्या कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला.

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा. देवळापाशी वाचता तसं."

सर्जेरावांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या घराकडे गेला. घर बाहेर आलं, पण उघडलं नाही. ते मुठीत धरून ते पृथ्वीराजकडे बघत राहिले.

"का हो सर्जेराव, आज डोळं दुखतात का?"

याच व्हरांड्यात पृथ्वीराज लहानपणी गोट्या खेळला होता आणि कालपर्यंत सर्जेरावांना आबा म्हणत होता. आज नुसतं सर्जेराव. स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या सरूबाई ते ऐकून दारातच थांबल्या. त्यांच्या मागे त्यांची सून भाग्यश्री होती. खांद्याला ऑफिसची पिशवी, हातात स्कूटरची किल्ली. तिचा नवरा विक्रम पायरीवर बसून बूट घालत होता. त्यानं एक बूट तसाच हातात ठेवला.

"दशरथ कसा हाय?" सर्जेरावांनी त्याच्या वडिलांचं विचारलं.

"काचेच्या आत हाय. आम्ही काचेच्या बाहेर." पृथ्वीराजचे डोळे लाल होते आणि अंगात कालचाच शर्ट होता. "ताटावरून उठले आणि मोरीपर्यंत गेले नाहीत. मागं हृदयात बसवलेली स्प्रिंग बंद पडली, गुठळी झाली, असं सांगतात. डॉक्टरनी पहिलं काय विचारलं ठाऊक हाय? रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती ना? आई म्हणाली, होती की. पण देवळापाशी पेपरात वाचून दाखवलं, तवापासून सोडली. डॉक्टर माझ्या आईच्या तोंडाकडं बघत राहिला. तिला वेड्यात काढल्यासारखं."

पृथ्वीराजनं पेपर उलगडला आणि आरोग्य पुरवणीचं पान वर काढलं. पान जुनं होतं, त्यावर कसल्यातरी तेलाचा डाग होता. त्याच्या आईनं, गोदाबाईंनी, ते डब्याखाली घातलं असणार आणि आज पहाटे शोधून काढलं असणार.

"रक्त पातळ करणारी गोळी रोज घेताय? थांबा!" त्यानं वाचलं. "झालं. अण्णा थांबले. तुम्ही काय म्हणालात ते बी आईनं सांगितलंय मला. नावासकट वाचलंत. भाग्यश्री वानखडे. म्हणालात, ही बाई खात्रीची हाय, हिचं डोळं मिटून ऐकायचं. म्हणालात का नाय?"

"म्हणालो."

"कोण हाय ही बाई?"

विक्रमनं बूट पायात घातला, नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. भाग्यश्रीच्या हातातली किल्ली वाजली, म्हणून तिनं मूठ आवळली. गावात तिचं नाव विक्रमची बायको एवढंच होतं. ती पेपरात कामाला जाते हे लोकांना माहीत होतं, पण तिथे ती काय करते हे विचारण्याइतकी उत्सुकता कुणाला नव्हती. सर्जेरावांना कुणी विचारलंच तर ते 'कॉम्प्युटर चालवते' म्हणून विषय संपवत.

"उद्या तिच्या हापिसात जातो," पृथ्वीराज म्हणाला. "लोकांची आयबापं मारायला पगार घेती का, विचारतो. चारचौघांत विचारतो."

"बाईला कशाला मधी आणतोस?" सर्जेराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ती काय दशरथला सांगायला आली नव्हती. वाचलं मी. ऐका म्हणालो मी. भांडायचं तर माझ्याशी भांड."

"भांडायला आलोच नाय. भांडण माणसाशी करतात." पृथ्वीराजनं पेपरची पुन्हा घडी घातली आणि ती नीट, अगदी काठ जुळवून, टेबलावर ठेवली. "हा ठेवा जपून. अण्णांच्या दहाव्याला वाचायला लागंल."

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सगळे जिथल्या तिथे होते. मग सरूबाईंनी बशीतला चहा मोरीत ओतला.

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलंही नाही. ओट्यावरून फडकं फिरवत त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू आमचं नाव लावत नाहीस ते. आज पहिल्यांदा उपयोग झाला त्याचा."

नावाचं ते दुखणं जुनं होतं. भाग्यश्री लग्नाआधीपासून लिहीत होती, आधी अमरावतीला आणि मग पुण्यात, आणि वानखडे हेच नाव लेखाखाली जात होतं. लग्नानंतरही तेच गेलं. पहिला लेख आला त्या दिवशी सर्जेरावांनी पान पुढे धरून बायकोला म्हटलं होतं, "आमचं नाव जड झालं का, विचार तिला." तेव्हापासून त्यांचं सुनेशी बोलणं 'विचार तिला' आणि 'सांग तिला' याच वाटेनं व्हायचं. ती समोर बसलेली असली तरी. सरूबाई घरात नसल्या तर ते नातीला निरोप्या करत, आणि नातही नसली तर भिंतीकडे बघून बोलत. तिचे लेख मात्र त्यांच्या जेवणाला लोणच्यासारखे लागत. "आज काय म्हणतात डॉक्टरीणबाई? दोडका खाल्ला की मानूस मरत नाय?" असं म्हणून ते ताटावर एकटेच हसत. सुनेनं वाढलेला दोडका बाजूला सारत.

"आई, आबांची गोळी चालू आहे ना?" भाग्यश्रीनं विचारलं.

सर्जेरावांच्या हृदयातही स्प्रिंग होती. दशरथनं बसवली त्याच्या मागोमाग त्यांनीही बसवली होती, एकाच डॉक्टरकडे, आणि दोघांनी छातीवर हात ठेवून देवळापाशी त्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या.

सरूबाईंनी फडकं थांबवलं. "रोज सकाळी माझ्या हातानं देते. समोर उभी राहून. तुझं लिहिलेलं या घरात कोण मानतं ग? ज्यांनी मानलं, ते पडलेत तिकडं."

"मी लिहिलं होतं, आई. ज्यांना स्प्रिंग बसवलीय त्यांनी गोळी अजिबात सोडायची नाही, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. शेवटी. ते छापताना उडालं."

"मग ते आधी का नाही लिहिलंस?"

भाग्यश्रीला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, आणि ते सासूला सांगण्यासारखं नव्हतं. लेखामागचा अभ्यास मोठा होता, परदेशातला होता आणि खरा होता. ज्या म्हाताऱ्या माणसांना हृदयाचा काहीही आजार नाही, त्यांनी केवळ खबरदारी म्हणून रोज ही गोळी घेतली तर फायदा फारसा नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, असं त्यात निघालं होतं. नवं होतं ते एवढंच. स्प्रिंगवाल्यांना गोळी लागतेच, हे जुनं होतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं, म्हणून कंटाळवाणं. कंटाळवाणी गोष्ट ती नेहमी शेवटी टाके. मथळ्यातलं 'थांबा!' तिचंच होतं. ते सुचलं तेव्हा ती स्वतःवर खूश झाली होती आणि त्या खुशीत तिनं बाहेर जाऊन कॉफी घेतली होती. त्या कॉफीची आता तिला मनापासून किळस आली.

"उत्तर नाही ना," सरूबाई म्हणाल्या. "जा. उशीर होईल."

ऑफिसात पुरवणीचं काम बघणारा आमोद तिच्या टेबलाच्या कडेला टेकून उभा राहिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो ऐकताना मान हलवतो, म्हणून समोरच्याला वाटतं की पटलं.

"खुलासा छापू या," ती म्हणाली. "उद्याच्या अंकात. पहिल्या पानावर."

"चूक दाखव."

"म्हणजे?"

"छापलेल्या मजकुरात एक खोटं वाक्य दाखव. खाली करू या खुलासा." त्यानं पान तिच्यापुढे सरकवलं. "नाही ना? मग काय छापायचं? 'आम्ही खरं छापलं, क्षमस्व'?"

"शेवटचा परिच्छेद गेला, आमोद."

"जाहिरात आली, गेला. बातमी खालून कापतात हे आपण शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. मी तुला आज सांगावं, असं तुला वाटतं का?" तो हसला नाही. पुण्यात असलं बोलायला हसावं लागत नाही. "इतकं महत्त्वाचं होतं तर वर घ्यायचंस."

सकाळी सासूनं विचारलं तेच हा विचारत होता, फक्त याच्या अंगाला अत्तराचा वास होता.

"एक माणूस अतिदक्षता विभागात आहे."

"वाईट झालं. पण लोकांनी औषधं डॉक्टरांना विचारून बंद करावीत, अशी आपली अपेक्षा असते. खाली तसं बारीक टायपात दर आठवड्याला जातं. एखाद्या गावाच्या देवळात बसून कुणी नुसते मथळे वाचणार असेल, तर त्याची जबाबदारी पेपरवर येत नाही. खुलासा छापला की येते. वकील हेच सांगेल."

"ते मथळे माझे सासरे वाचतात."

"अरे वा. मग घरातच आहे की प्रश्न. त्यांना सांग, पुढचंही वाचत जा." आमोद सरळ उभा राहिला. "गुरुवारी हृदयावर एक मस्त पान कर. काय घ्यावं, काय टाळावं. त्यात घालून टाक तुझा परिच्छेद. वर घाल."

"गुरुवारपर्यंत ते काय करतील?"

"कोण ते?" आमोदनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन घेत निघून गेला.

कोण ते, हा प्रश्न दिवसभर तिच्या मागे लागला. देवळाच्या ओट्यावर सकाळी बसणारे सगळेच ते होते. धायरी गावातल्या जमिनी बिल्डरांना गेल्या आणि पैसा आला, पैशामागून गाड्या आल्या, बांधावरून चालणं संपलं, आणि मग एकेकाला साखर, दाब आणि स्प्रिंगा यायला लागल्या. नातवंडं हिंजवडीला कंपनीच्या बसनं जायची ती काळोख पडल्यावर यायची, आणि म्हातारी माणसं दिवसभर एकमेकांच्या गोळ्यांची नावं विचारत ओट्यावर बसायची. ज्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना आता दिसत नव्हतं, त्या सगळ्यांसाठी सर्जेराव पेपर वाचत. पूर्वी ग्रामपंचायतीत होते, तेव्हाचा आवाज अजून टिकून होता. मथळा वाचायचे, खाली ज्याचं नाव असेल ते वाचायचे, आणि पान उलटायचे. मधला मजकूर त्यांच्या मते पेपरवाल्यांनी जागा भरायला घातलेला असे.

या ओट्यावर तिच्या पानाची टिंगलच होत असणार, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. खात्रीची बाई हे शब्द तिला पृथ्वीराजच्या तोंडूनच पहिल्यांदा कळले. तेही कसल्या सुरात म्हटलं असेल, हे तिला सांगता आलं असतं. ताटावर बसून दोडका सारताना जो सूर लागतो, तोच.

असे दशरथ आणखी किती असतील, याचा विचार तिनं दुपारपर्यंत केला. मग तिनं सर्जेरावांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी आधी तिला झापलं. अशी पानं वाचून येणाऱ्या पेशंटांना समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो, म्हणाले. मग म्हणाले, ज्यानं कुणी सोडली असेल त्याला वाट बघायला लावू नका, ताबडतोब माझ्याकडे आणा. किती जण आहेत?

"माहीत नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं विक्रमला विचारलं, तू ओट्यावर जाऊन सांगशील का. तो मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाला, "आत्ता आपल्या घरातलं कुणी तिकडे गेलं ना, तर चपला पडतील. दोन दिवस जाऊ देत."

"दोन दिवसांत काय होईल सांगता येत नाही, विक्रम."

"मग तू जा," तो म्हणाला. आपण असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

सर्जेराव समोरच्या खुर्चीवर होते. टीव्ही चालू होता, पण त्यांनी आवाज बंद केला होता. पृथ्वीराजनं ठेवलेला पेपर दिवसभर टेबलावरून कुणी हलवला नव्हता.

"हिला सांग," ते सरूबाईंना म्हणाले, "देवळाकडं पाय टाकायचा नाय. मी निस्तरीन."

"आबा, तुम्ही कसं निस्तरणार? तुमचं आता कुणी ऐकेल का?"

त्यांच्या मानेची शीर हलली. "हिला सांग, माझं कोण ऐकतं आणि कोण नाय, ते मला शिकवायचं नाय. मी या गावात जन्मलोय. ही पाहुणी हाय."

"ऐकलंस ना?" सरूबाई म्हणाल्या.

"ऐकलं," भाग्यश्री म्हणाली. तिला त्या क्षणी त्या दोघांचा इतका राग आला की तिनं जेवणाचं ताट घेऊन खोलीत जाऊन दार लावलं. आपलं चुकलंय, हे तिला मान्य होतं. पण चुकलेल्या माणसानं चूक दुरुस्तही करायची नाही, फक्त लपून राहायचं, आणि त्याला घराची अब्रू म्हणायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सकाळी ती उठली तेव्हा सर्जेराव निघून गेले होते. ती ऑफिसचे कपडे घालून, पण स्कूटर न घेता, चालत देवळाकडे गेली. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्यांच्या गाड्या होत्या. नव्या इमारतीतल्या बायका कानात वायरी घालून फिरायला निघाल्या होत्या. त्यांनी तिला हात केला. तिनं केला नाही.

मारुतीच्या देवळाचा ओटा लांबलचक होता. एरवी म्हातारे त्यावर खांद्याला खांदा लावून बसत. आज ते सगळे एका टोकाला दाटीनं बसले होते, आणि दुसऱ्या टोकाला सर्जेराव एकटे होते. मांडीवर आजचा पेपर होता. त्याची घडी मोडलेली नव्हती. त्यांना कुणी वाचा म्हटलं नव्हतं, हे उघड होतं.

भाग्यश्रीला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

ती त्यांच्याजवळ गेली नाही. मधोमध, पायरीपाशी, उभी राहिली. "मी विक्रमची बायको," ती म्हणाली. "तुम्हाला आबांनी वाचून दाखवलं, ते गोळीचं जे छापून आलं होतं, ते मी लिहिलं होतं. भाग्यश्री वानखडे मीच."

देवळाच्या आतून पृथ्वीराज बाहेर आला. हातात कागदाची पुडी होती, कपाळाला अंगारा होता. वडिलांसाठी अंगारा न्यायला तो आला होता. तो दोन पायऱ्या उतरला आणि तिच्या समोर उभा राहिला.

"काल तू दारातच होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मी विचारत होतो ती कोण बाई, तवा तू ऐकत होतीस."

"हो."

"आणि हे म्हातारं माझ्या तोंडावर म्हणतं, बाईला मधी आणू नको." त्यानं सर्जेरावांकडे बोट केलं. "बाप तिकडं नळ्या घालून पडलाय. आणि तू पावडर लावून नाव सांगायला आलीस? लाज हाय का?"

"शिव्या द्या. नंतर हव्या तेवढ्या द्या, मी इथेच आहे," भाग्यश्री म्हणाली. "पण आधी मला सांगू द्या. ज्यांना स्प्रिंग बसवलीय, ज्यांना आधी झटका येऊन गेलाय, त्यांनी ती गोळी सोडायची नसते. ते छापायचं राहिलं. चूक माझी आहे. इथे आणखी कुणी सोडली असेल तर आत्ता सांगा. डॉक्टरांशी बोललेय मी, आत्ताच्या आत्ता नेते."

म्हाताऱ्यांच्या दाटीतून एक जण खाकरला. "तवा म्हणाली थांबा. आता म्हणती घ्या. पुढल्या गुरुवारी काय म्हणंल?"

"कालचं खरं का आजचं?" दुसरा म्हणाला.

"हिला सांगितलं तर उद्या आपली नावं छापील."

कुणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. दाटीच्या कडेला बसलेला माऊली, गळ्यात तुळशीची माळ घातलेला, हाडकुळा, मान खाली घालून पायाच्या बोटानं जमिनीवरची माती उकरत होता. त्याचंही हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. भाग्यश्रीनं त्याच्याकडे बघितलं, तसा तो आणखी खाली वाकला.

"माऊली, तुम्ही घेता ना गोळी?"

"त्याला काय विचारतीस?" पृथ्वीराज म्हणाला. "कुणी एक अक्षर सांगू नका हिला. जिला आपण कोण ते सांगायची हिंमत दुसऱ्या दिवशी होती, तिला काय सांगायचं? घरी जा. सासऱ्याला बी घेऊन जा."

ज्या शब्दांवर तिचं पोट भरत होतं, ते सगळे इथे निरुपयोगी होते. ओट्यावरच्या या माणसांनी काही दिवसांमागे तिच्या एका 'थांबा'वर गोळ्या सोडल्या होत्या, आणि आज ती प्रत्यक्ष समोर उभी राहून विनवत होती तर त्यांना ती घोंगावणाऱ्या माशीइतकीही वाटत नव्हती. पिशवीचा पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. आता वळावं आणि निघावं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टप्प असा आवाज झाला. सर्जेरावांनी चष्म्याचं घर उघडलं होतं. आतला चष्मा त्यांनी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग घर मांडीवरच्या पेपरवर उपडं केलं. त्यातून बारीक पांढऱ्या गोळ्या पडल्या आणि पेपरच्या घडीत घरंगळत जाऊन एका ओळीत थांबल्या. रोज सकाळी सरूबाई समोर उभ्या राहून ज्या देत होत्या, त्याच त्या होत्या.

भाग्यश्री बघत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं.

"माऊली," सर्जेराव म्हणाले. ते अजूनही तिच्याकडे बघत नव्हते. "हिला सांग. माझी बी बंद हाय."

माऊलीनं कानामागे तळवा धरला. "काय म्हणता?"

सर्जेरावांनी मान ताठ केली आणि पेपर वाचायच्या त्या आवाजात, समोरच्या दुकानापर्यंत जाईल असं, पुन्हा सांगितलं, "माझी बी बंद हाय म्हणून सांग तिला. तिनं लिहिलं त्या दिवसापासनं."

दाटीत कुणी हसलं नाही. पृथ्वीराजच्या हातातल्या पुडीतून अंगारा सांडत होता, आणि तो त्या गोळ्यांकडे बघत होता.

माऊलीनं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी तो उठला, धोतर सावरलं, आणि सांगितलेलं काम करायचं म्हणून भाग्यश्रीपर्यंत चालत आला. "त्यांची बंद हाय," तो हळूच म्हणाला. मग थोडं थांबून, पृथ्वीराजकडे पाठ करून, आणखी हळू म्हणाला, "माझी बी."

त्याच्या मागे दाटीतला आणखी एक हात गुडघ्यावरून उचलला गेला. पुरता वर आला नाही.

भाग्यश्रीनं फोन काढला आणि विक्रमला लावला. त्यानं उचलला तेव्हा ती आपल्या सासऱ्यांकडे बघत होती. ते एकेक गोळी वेचून चष्म्याच्या घरात परत भरत होते, आणि त्यातली एक सारखी निसटत होती.

"देवळापाशी ये, आत्ता," ती म्हणाली. "आणि मोठी गाडी आण."